गोरी अँड डिफीटेड

मॉडेल रेल्वेच्या वेडात एक भीती हमखास असते. रूळ नीट बसले नाहीत तर? डोंगर खोटा वाटला तर? सगळं सामान घरात येऊन पडतं, पण पहिला खिळा काही ठोकला जात नाही! ही भीती माझ्या चांगलीच ओळखीची.

अशा वेळी मला जॉन ॲलन आठवतो. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरेचा हा फोटोग्राफर. १९४०च्या दशकात त्याने खऱ्याच्या १/८७ मापात पहिली रेल्वे मांडली, जेमतेम टेबलाएवढी. तिचं नाव, स्पेलिंग मुद्दाम वेडंवाकडं करून, 'गोरी अँड डिफीटेड'. म्हणजे रक्तबंबाळ आणि पराभूत! हरायची भीती जणू पाटीवरच लिहून टाकली, की उरतं काय?

पुढे १९५०च्या दशकात त्याने तळघरभर तिसरी मांडणी सुरू केली आणि ती पहिली टेबलाएवढी रेल्वे तिच्यातच बसवून घेतली. नवेकोरे डबे तो मुद्दाम मळवायचा, गंजवायचा; म्हणून तर ते खरे वाटायचे.

जानेवारी १९७३मध्ये तो गेला. काम अपुरंच होतं, आणि काही दिवसांतच ते बहुतेक आगीत जळालं. तरी त्याने काढलेले फोटो लोक आजही बघतात.

अपुरी राहिलेली रेल्वेसुद्धा धावलेली असते. न मांडलेली नाही. मला एवढं पुरतं.