२एन३०५५ : एक क्रमांक, दोन पिढ्या

२एन३०५५ हा सिलिकॉन पॉवर ट्रान्झिस्टर अमेरिकेतील आरसीए कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस बाजारात आणला. चपट्या तळाच्या, टीओ-३ नावाच्या धातूच्या टोपीत बसवलेला हा एनपीएन ट्रान्झिस्टर ६० व्होल्ट, १५ अँपिअर आणि ११५ वॅटपर्यंतच्या कामासाठी होता. अमेरिकी पद्धतीप्रमाणे त्याच्या क्रमांकाची नोंदणी झाली, म्हणून कोणतीही कंपनी तो बनवू शकत होती. मात्र त्या क्रमांकाने बांधून घेतले होते ते फक्त बाहेरचे गुणधर्म: किती दाब सोसायचा, किती प्रवाह वाहायचा, किमान किती वर्धन द्यायचे. आतली चिप कशी घडवायची, याचे बंधन क्रमांकात नव्हते. जुना अॅम्प्लिफायर दुरुस्त करताना बदली ट्रान्झिस्टर निवडणे अवघड झाले ते यामुळेच.

सिलिकॉनच्या आधी जर्मेनियमचा काळ होता. ब्रिटनच्या लीक कंपनीचा १९६३ मधला स्टिरिओ ३० हा अॅम्प्लिफायर जर्मेनियम ट्रान्झिस्टरांवर चाले. जर्मेनियम उष्णतेला नाजूक असते. जोडातले तापमान साधारण ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की ते टिकत नाही, तर धातूच्या टोपीतले सिलिकॉन २०० अंशांपर्यंत चालते. मात्र केवळ जास्त मजबूत म्हणून जर्मेनियमच्या जागी सिलिकॉन बसवता येत नाही. जर्मेनियम सुमारे ०.२ ते ०.३ व्होल्टला वाहू लागते, सिलिकॉनला ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतात. बायसची, म्हणजे ट्रान्झिस्टर जेमतेम वाहता ठेवणाऱ्या दाबाची, मांडणी तशीच ठेवून सिलिकॉन बसवले तर तरंगाच्या वरच्या आणि खालच्या अर्ध्यांच्या सांध्यावर तो तुटतो आणि आवाज खरखरीत येतो.

सुरुवातीच्या काळात मोठ्या शक्तीचे सिलिकॉन ट्रान्झिस्टर एनपीएन जातीचेच सहज मिळत. त्यांना जोड देणारे पीएनपी दुर्मीळ आणि महाग होते. यावरची युक्ती आरसीएतील हुंग-चांग लिन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली होती. तिच्यात शेवटचे दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच जातीचे असतात, आणि खालच्या अर्ध्यात आधीचा लहान पीएनपी ट्रान्झिस्टर त्यातल्या एकाला उलट्या जातीसारखे वागायला लावतो. या अर्धपूरक रचनेत २एन३०५५ चपखल बसला. १९६७ मध्ये आलेल्या क्वाड ३०३ मध्येही हीच दिशा होती. त्यात प्रत्येक अर्ध्यासाठी तीन-तीन ट्रान्झिस्टरांची साखळी होती, आणि दर चॅनेलला ४५ वॅट शक्ती मिळे.

आरसीएचा मूळ २एन३०५५ होमटॅक्सियल पद्धतीने बनत असे. सर्वत्र सारख्या भेसळीच्या सिलिकॉन पातळ पट्टीच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी एमिटर आणि कलेक्टर मुरवले जात, आणि मधला उरलेला जाड थर बेस ठरे. जाड बेसमुळे ट्रान्झिस्टर मंद होई, पण प्रवाह चिपभर पसरत असल्याने एकाच ठिकाणी तापून जळण्याचा धोका कमी राही. १९७०च्या दशकाच्या मध्यास उत्पादन एपिटॅक्सियल बेसकडे वळले. कलेक्टरवर पातळ बेसथर वाढवण्याची ही पद्धत होती. आता किमान वेगाची मर्यादा जुन्या ०.८ मेगाहर्ट्‌झऐवजी २.५ मेगाहर्ट्‌झ झाली. टोपी तीच राहिली आणि तिच्यावरचा क्रमांकही.

याचा परिणाम दुरुस्तीच्या टेबलावर दिसला. मंद ट्रान्झिस्टर गृहीत धरून ज्या सर्किटचा फीडबॅक बांधला होता, त्यात नवा, वेगवान २एन३०५५ बसला की कानाला न ऐकू येणारे उच्च वारंवारतेचे दोलन सुरू होऊ शकते. अॅम्प्लिफायर वाजतो, पण हीटसिंक विनाकारण तापत राहते आणि काही दिवसांनी नवा ट्रान्झिस्टरही जातो. म्हणून अशा जागी एमजे१५००३ सारखा मंद पण दणकट ट्रान्झिस्टर पसंत केला जाऊ लागला. तो १४० व्होल्ट व २० अँपिअरचा असून ५० व्होल्टला २५० वॅट सोसतो, आणि त्याची वेगमर्यादा २ मेगाहर्ट्‌झ आहे.

बदली शोधायला दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाताशी तुलनात्मक तक्ते असत. अमेरिकेत ईसीजी आणि एनटीईच्या मालिका एका क्रमांकाखाली अनेक मूळ क्रमांक गोळा करत. २एन३०५५ ला ईसीजी१३० हे उत्तर असे. असे तक्ते कमाल दाब आणि प्रवाह जुळवत, वेग किंवा सुरक्षित कार्यक्षेत्र (दाब आणि प्रवाह एकत्र किती सोसवतो) सहसा बघत नसत. पायांच्या क्रमाचाही घोटाळा होता. छोट्या प्लॅस्टिक ट्रान्झिस्टरांमध्ये सपाट बाजू समोर धरली की अमेरिकी २एन३९०४ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. युरोपी बीसी५४७ चे कलेक्टर, बेस, एमिटर. आणि जपानी २एससी१८१५ चे एमिटर, कलेक्टर, बेस असे येतात. गुणधर्म जुळले तरी पाय वाकवून फिरवावे लागतात.

जपानी अॅम्प्लिफायरांनी पूर्ण पूरक जोड्या सामान्य केल्या. जपानी नामपद्धतीत २एसए व २एसबी हे पीएनपी, तर २एससी व २एसडी हे एनपीएन असतात. अंगावर छापताना सुरुवातीचे '२एस' गाळतात, म्हणून सी१८१५ म्हणजे २एससी१८१५. शेवटचे अक्षर वर्धनाचा गट सांगते. डाव्या आणि उजव्या चॅनेलला वेगळ्या गटांचे ट्रान्झिस्टर लागले तर शांत स्थितीतील प्रवाह जुळेलच असे नाही. तोशिबाच्या २एससी३२८१ आणि २एसए१३०२ या जोडीची जागा पुढे २एससी५२०० आणि २एसए१९४३ यांनी घेतली. वेग दोन्हींचा ३० मेगाहर्ट्‌झ, दाबसहनशक्ती २०० वरून २३० व्होल्ट झाली. अशी बदली तुलनेने निर्धोक ठरते. हिताचीच्या २एसके१३४ व २एसजे४९ या मॉसफेटांचे तसे नाही. त्यांच्या टीओ-३ टोपीला सोर्स जोडलेला असतो, तर नेहमीच्या उभ्या रचनेच्या मॉसफेटमध्ये टोपी ड्रेनची असते. शिवाय ठरावीक प्रवाहाच्या वर हिताचीचे मॉसफेट तापल्यावर स्वतःच आवरतात. त्यामुळे त्यांच्या जागी दुसऱ्या जातीचे बसवायचे तर बायसची व्यवस्थाही बदलावी लागते.

याच काळात मूळ कारखान्यांचे मालक बदलत गेले. आरसीएचा सेमीकंडक्टर विभाग १९८८ मध्ये हॅरिसकडे गेला, तर मोटोरोलाचे सुटे ट्रान्झिस्टर १९९९ मध्ये ऑन सेमीकंडक्टरकडे आले. क्रमांक बंद पडू लागले तशी मागणी असलेल्या क्रमांकांची बनावट वाढली. स्वस्त, लहान चिपच्या ट्रान्झिस्टरवर २एससी५२०० किंवा २एन३०५५ छापलेला माल जगभर पसरला. टोपी कापून पाहिली की चिपचा आकार अपेक्षेपेक्षा फारच लहान निघतो. कमी भारावर तो नीट चालतो आणि जोर पडताच फुटतो. म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातही खरेदी करताना विश्वासू विक्रेता महत्त्वाचा ठरतो.

आजची पद्धत या इतिहासातूनच घडली आहे. प्रथम दाब आणि सुरक्षित कार्यक्षेत्र पाहतात, मग वेग मूळच्या जवळ ठेवतात, मग जोडीतले वर्धन जुळवतात. बसवताना अभ्रकाची चकती व उष्णतावाहक पेस्ट नवी लावतात, आणि जळालेल्या ट्रान्झिस्टरबरोबर त्याचे ड्रायव्हर व एमिटरचे रोधकही तपासतात. पहिला विद्युतपुरवठा सिरीज बल्बमधून दिला जातो. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर मोठा शॉर्ट नाही, प्रखर पेटून राहिला तर अजून काहीतरी शॉर्ट आहे. त्यानंतर शांत प्रवाह बसवतात आणि शेवटी दोलन आहे का, हे ऑसिलोस्कोपवर पाहतात. मूळ २एन३०५५ आणि त्याच क्रमांकाचा नवा ट्रान्झिस्टर यांतला फरक बाहेरून दिसत नाही, पण या तपासणीत तो उघड होतो.