डावांची काशीयात्रा

पेशव्यांनी बांधविलेल्या बालाजी घाटावर उभे राहिलो की मराठी मल्लविद्येचा प्रवास आम्हांस आठवतो. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांनी निजामाकडील मल्लांचे आव्हान पेलण्यासाठी मल्लखांब पुनरुज्जीवित केला, असे परंपरा सांगते. खांब उलटून पकडीत नाही. म्हणून चढाईचा डाव त्यावर निर्भयपणे घोटता येतो; पण आखाड्यात तो अंगी उतरायला प्रतिस्पर्ध्याशी सराव लागतोच. १८१८ मध्ये राज्य बुडाले, बाजीराव ब्रह्मावर्तास आले; पण विद्या खचली नाही. दादांच्या शिष्यशाखेने काशीतही तिचा प्रसार केला, असे सांगतात. गादी गेली, डाव उरले. परमुलखात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हांस हे विसरून कसे चालेल? सोबत आणलेली विद्या इथल्या मुलांस शिकविली, तरच ती आपली राहील.