मोक्याचा गोल कुणाच्या नावावर

अमेरिकेतल्या महिला कॉलेज फुटबॉलमध्ये वर्षाची सर्वोत्तम खेळाडू एक आणि वर्षाचा निकाल लावणारी भलतीच, असं फार वेळा झालंय. १९९५ चा हर्मन करंडक पोर्टलंडच्या शॅनन मॅकमिलनला मिळाला. अंतिम सामन्यात पोर्टलंडला हरवणारा गोल मात्र नोत्र दामच्या सिंडी डॉजचा. १९९८ ला हर्मन नॉर्थ कॅरोलायनाच्या सिंडी पार्लोला, आणि कॅरोलायनाला १-० नं हरवणारी फ्री किक फ्लोरिडाच्या डॅनिएल फोटोपुलसची. २००२ ला करंडक सँटा क्लाराच्या अ‍ॅली वॅग्नरकडे, विजेतेपद पोर्टलंडच्या क्रिस्टीन सिंक्लेअरकडे. २००८ आणि २०१४ लाही तेच. यात कुणावर अन्याय झाला असं मी म्हणत नाही. हर्मन करंडक प्रशिक्षकांच्या मतांवरून, अख्ख्या मोसमाचा खेळ बघून दिला जातो. पण ऐन वेळी उभी राहिली कोण, हा प्रश्न त्यानं सुटत नाही, आणि मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

मी मूळची कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघत वाढले. तिथं मोसमात कुणी किती गोल केले हे फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. फायनलला, शेवटच्या पाच मिनिटांत कुणी मारला, हे मात्र तालमीच्या कट्ट्यावर वीस वर्षांनंतरही सांगतात. लग्नानंतर नॉर्थ कॅरोलायनातल्या केरीला आले. घरापासून थोड्याच अंतरावर वेकमेड सॉकर पार्क, आणि महिलांची अंतिम फेरी तिथं कितीदा तरी होते. मुलींचं असं भरल्या स्टेडियममधलं फुटबॉल मी आधी पाहिलेलंच नव्हतं.

या खेळाचा इतिहास तसा फार जुना नाही. शिक्षणसंस्थांत मुलींशी भेदभाव नको, हा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ चा. त्यामुळे कॉलेजांना मुलींच्या खेळांकडे लक्ष देणं भाग पडलं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठानं १९७९ ला महिला संघ काढला, प्रशिक्षक अ‍ॅन्सन डोरन्स. कॉलेजांच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएए या संघटनेची पहिली महिला स्पर्धा १९८२ ला झाली, अवघ्या १२ संघांची. आता ६४ असतात. ती पहिली स्पर्धा कॅरोलायनानं जिंकली आणि पुढे जिंकतच राहिली. १९८६ ते १९९४, सलग नऊ वर्षं. अंतिम सामन्यांचे निकाल बघा: १९९० ला ६-०, १९९२ ला ९-१, १९९३ ला परत ६-०, १९९४ ला ५-०. मिया हॅम, क्रिस्टीन लिली, टिशा व्हेंचुरिनी अशा एकाहून एक सरस मुली त्या संघांत होत्या. पण ९-१ च्या सामन्यात मोक्याचा क्षण शोधायचा कुठं? प्रतिस्पर्धी तोडीस तोड झाले, तेव्हाच एकेका गोलाला किंमत आली.

ते झालं १९९५ ला. उपांत्य सामना कॅरोलायनाच्या घरच्या मैदानावर, चॅपल हिलला होता. नोत्र दामनं तो १-० नं जिंकला, तोही स्वयंगोलावर. पुढे पोर्टलंडविरुद्धचा अंतिम सामना गोलशून्य बरोबरीत चालला, जादा वेळेच्या तिसऱ्या सत्रापर्यंत गेला, आणि तिथं डॉजनं फ्री किकवर गोल केला. शंभराहून अधिक मिनिटं धावून पाय जड झालेले असताना चेंडूवर तेवढा ताबा ठेवणं सोपं नसतं. हर्मन तिला मिळाला, पण पुढच्या वर्षी.

१९९८ ची गोष्ट वेगळी. फ्लोरिडाचा संघ सुरूच झाला होता १९९५ ला. चौथ्या मोसमात त्यांची गाठ कॅरोलायनाशी पडली, आणि फोटोपुलसच्या एका गोलावर नवख्या संघानं विजेतेपद नेलं. कॉलेजच्या कारकिर्दीत तिनं ११८ गोल केले. त्यातला हा एक ज्यांनी पाहिला, त्यांना बाकीचे ११७ नाही आठवले तरी चालेल.

माझ्या लेखी सगळ्यांत मोठा सामना २००२ चा, टेक्सासातल्या ऑस्टिनचा. पोर्टलंडचे प्रशिक्षक क्लाइव्ह चार्ल्स कर्करोगानं आजारी होते आणि हे सगळ्या संघाला ठाऊक होतं. मुलींची आणि मुलांची, दोन्ही संघांची जबाबदारी त्यांच्यावर होती. पोर्टलंडकडे तोवर एनसीएएचं कोणत्याच खेळातलं विजेतेपद नव्हतं. समोर गतविजेता सँटा क्लारा. नियमित वेळेत १-१, पोर्टलंडचा गोल सिंक्लेअरचा. तेव्हा जादा वेळेत गोल्डन गोलचा नियम होता: पहिला गोल झाला की खेळ तिथंच खलास. जादा वेळेच्या दुसऱ्या सत्रात सिंक्लेअरनं परत गोल केला. ती तेव्हा दुसऱ्याच वर्षाला होती. चार्ल्स पुढच्या ऑगस्टमध्ये गेले. सिंक्लेअर पुढे कॅनडाकडून १९० आंतरराष्ट्रीय गोल करून निवृत्त झाली. पुरुष असो वा महिला, तेवढे कुणाचेच नाहीत. त्या १९० चं बीज मला ऑस्टिनच्या संध्याकाळीच दिसतं.

आता हिशेबाच्या वहीकडे वळू. कॉलेज फुटबॉलच्या नोंदींत ‘विजयी गोल’ असा वेगळा रकाना असतो. त्याचा नियम असा, की प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम गोलसंख्येपेक्षा एक जास्त करणारा गोल तो विजयी. म्हणजे ९-१ च्या सामन्यात दुसरा गोल विजयी ठरतो, मग तो पहिल्या दहा मिनिटांत का झालेला असेना. उलट बरोबरी साधून संघाला जिवंत ठेवणाऱ्या गोलाला रकानाच नाही. गोलरक्षकांचं तर त्याहून वाईट. २०१९ चा अंतिम सामना सॅन होजेला झाला. स्टॅनफर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना जादा वेळेनंतरही ०-०. टायब्रेकरमध्ये स्टॅनफर्डची गोलरक्षक केटी मायरनं दोन फटके अडवले आणि संघ ५-४ नं जिंकला. टायब्रेकरला गेलेला सामना अधिकृत नोंदीत बरोबरीतच धरतात, आणि त्यातले बचाव गोलरक्षकाच्या आकडेवारीत येत नाहीत. मायर २०२२ ला वारली, २२ वर्षांची असताना. तिचे ते दोन बचाव नोंदीत मिळवायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

२०२२ च्याच डिसेंबरात केरीला अंतिम सामन्यात यूसीएलए आणि नॉर्थ कॅरोलायना समोरासमोर आले. मी कॅरोलायनाच्या आकाशी रंगाच्या गर्दीत बसले होते. एव्हरी पॅटरसनच्या दोन गोलांवर कॅरोलायना २-० नं पुढे. शेवटच्या दहा-अकरा मिनिटांत लेक्सी राइटनं एक परत केला. कॉलेजच्या सामन्यात घड्याळ उलटं चालतं. फलकावर वेळ कमी होत जाते, शून्यावर भोंगा वाजतो, आणि रेफ्रीनं आपल्या मनगटावरचं घड्याळ बघून वाढवून द्यायची वेळ नसते. त्यामुळे किती उरलंय ते सगळ्यांनाच दिसत असतं. आमच्या रांगेतली माणसं उभी राहून सेकंद मोजायला लागली होती. अ‍ॅली लेमोसचा कॉर्नर आला, रायलिन टर्नरनं डोकं लावलं आणि चेंडू जाळ्यात. फलकावर १६ सेकंद. आमच्या भागात चिडीचूप, आणि पलीकडच्या कोपऱ्यात यूसीएलएचे मूठभर निळे-सोनेरी शर्ट बेभान उड्या मारत होते.

१०७ व्या मिनिटाला मारिकार्मन रेयेसनं तिसरा गोल केला. गोल्डन गोल त्याच मोसमापासून बंद झाला होता, म्हणून यूसीएलएच्या मुलींना उरलेली तीन मिनिटं जिवाच्या आकांतानं बचाव करावा लागला. मार्गरिट ओझासा यांचं मुख्य प्रशिक्षक म्हणून ते पहिलंच वर्ष.

‘विजयी गोल’ रेयेसच्या नावावर लागला, आणि तो हक्काचाच आहे. टर्नरच्या नावापुढे नुसता एक गोल, दोन गुण. पण त्याच गुणपत्रकात प्रत्येक गोलाची वेळही छापलेली असते, आणि कुठल्याही जुन्या सामन्याचं पत्रक हाती आलं की मी आधी तोच रकाना वाचते. टर्नरच्या ओळीत तिथं ८९:४४ आहे.