जोड मिळेना : ‘किंग ऑफ फायटर्स’ आणि शेजारचा प्रतिस्पर्धी

आमच्या सांगली-मिरज भागात कुस्तीची भाषा सगळ्या खेळांना चालते. पैलवान कितीही तगडा असो, त्याला तोडीची जोड मिळाली नाही तर तो नुसताच लंगोट कसून उभा राहतो. १९१० साली गामा पैलवान लंडनला गेला, तेव्हा त्याची हीच अवस्था झाली होती. बुटका म्हणून त्याला कोणी मोजेना, मग त्याने सगळ्यांना जाहीर आव्हान दिले. पुढे झिबिस्कोशी त्याची गाठ पडली. हा पोलंडचा मल्ल तासन्‌तास जमिनीला चिकटून राहिला, कुस्ती निकाली लागली नाही, आणि पुन्हा ठरलेल्या मैदानाला तो फिरकलाच नाही. निकाल लागायला १९२८ साल उजाडले. पतियाळ्यात गामाने त्याला मिनिटाच्या आत चितपट केले. एका जोडीसाठी अठरा वर्षे!

हे आठवायचे कारण एक व्हिडिओ गेम आहे. त्याचे नाव ‘द किंग ऑफ फायटर्स’. माझ्या वयाच्या, म्हणजे नव्वदच्या दशकात टोकन घेऊन पार्लरमध्ये घुसलेल्या वाचकांना तो ‘सत्त्याण्णव’ या नावाने आठवेल. बाकीच्यांनी ‘स्ट्रीट फायटर’ किंवा ‘टेकेन’ ऐकलेले असते, हा नाही. दोन माणसांनी समोरासमोर लढायच्या खेळांत हा जगभर धाकटा भाऊ राहिला. अशा खेळाला प्रतिस्पर्धी कुठून मिळतो, हा प्रश्न त्याच्या इतिहासाच्या मुळाशीच आहे.

दोन्ही खेळ जपानच्या ओसाका भागातले. ‘स्ट्रीट फायटर’ कॅपकॉम कंपनीचा, ‘किंग ऑफ फायटर्स’ एसएनकेचा. पहिला ‘स्ट्रीट फायटर’ घडवणारा ताकाशी निशियामा पुढे कॅपकॉम सोडून एसएनकेकडे गेला आणि १९९१ मध्ये त्याने ‘फेटल फ्युरी’ काढला. त्याच वर्षी कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर टू’ने जग जिंकले. एसएनकेने १९९४ मध्ये आपल्या वेगवेगळ्या खेळांतले योद्धे एकत्र आणले, तीन-तीनचे संघ केले आणि ‘किंग ऑफ फायटर्स’ सुरू झाला. एक गडी पडला की दुसरा, दुसरा पडला की तिसरा. एकट्याचा द्वंद्वयुद्धाचा खेळ त्यामुळे थोडा कबड्डीसारखा झाला.

पण तो गरिबांच्या गल्लीत पोचला त्याचे श्रेय योद्ध्यांना नाही, लाकडी पेटीच्या आतल्या यंत्राला आहे. १९९० मध्ये एसएनकेने निओ जिओ नावाची आर्केड यंत्रणा आणली. तिच्यात गेमची कॅसेट बदलता येई, काही पेट्यांत तर एकाच वेळी अनेक कॅसेट बसत. नवा गेम आला की पार्लरवाल्याला अख्खे मशीन नव्याने घ्यायला नको. लहान धंदा करणाऱ्याला हे फार सोयीचे होते. मागोमाग नकली बोर्ड आले आणि किंमत आणखी उतरली. म्हणून मेक्सिको, चीन, पाकिस्तान आणि आपल्याकडे हा खेळ भरभरून खेळला गेला. घरी खेळायचे निओ जिओ यंत्र मात्र अमेरिकेत साडेसहाशे डॉलरच्या आसपास विकले जाई. ज्याच्याकडे पैसा होता तो घरात एकटा खेळत बसला. ज्याच्याकडे फक्त एक टोकन होते त्याला रांगेतला प्रत्येक जण प्रतिस्पर्धी म्हणून मिळाला. खेळ कुठे रुजतो आणि कुठे नाही, हे मला या उलटसुलट व्यवहारातून जेवढे कळते तेवढे कंपन्यांच्या जाहिरातींतून कळत नाही.

आमच्या मोहल्ल्याजवळच्या पार्लरात तीन मशिने होती. एकावर कायम ‘मुस्तफा’. खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, कॅपकॉमचा १९९३ चा गेम. त्यात चार पात्रे, पैकी एक मुस्तफा कैरो. भारत-पाकिस्तानात आणि खुद्द इजिप्तमध्येही लोकांनी गेमलाच त्याचे नाव देऊन टाकले. परदेशी खेळात आपल्या नावाचा माणूस, आणि तोही गुंडांना तुडवणारा, खलनायक नव्हे! त्या काळात, विशेषतः ब्याण्णव-त्र्याण्णवच्या दंगलींनंतर, आम्हा पोरांना याचे किती अप्रूप होते ते आज सांगून पटायचे नाही. पण ‘मुस्तफा’ जोडीने खेळायचा गेम, तिथे शेजारी उभा राहणारा साथीदार. ‘सत्त्याण्णव’वर तोच पोरगा शत्रू व्हायचा. नियम सोपा होता : हरला तो उठला, जिंकला तो बसला. त्यामुळे चांगला खेळणारा एका टोकनवर तासभर टिके आणि पैसे भरून भरून बाकीचे शिकत. जुम्म्याच्या नमाजनंतर तिथे गर्दी असायची आणि वडीलधाऱ्यांच्या शिव्याही. मुली मात्र कधीच दिसल्या नाहीत. पार्लरच्या आठवणींनी गहिवरणारे आम्ही लोक ही गोष्ट सोयीस्करपणे गाळतो. अर्ध्या वस्तीला त्या दारातून आत येणेच शक्य नव्हते.

पुढे तासाच्या हिशेबाने प्लेस्टेशनवर ‘टेकेन थ्री’ खेळवणारी दुकाने आली, मग सायबर कॅफे, मग मोबाइल. एसएनकेने २००१ मध्ये दिवाळे काढले. मालिका संपली नाही, पण पार्लरे संपली आणि त्यांच्याबरोबर ती रांगही.

लाहोरात मात्र रांग मोडली नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत जपानच्या फुकुओका शहरात ‘इव्हो जपान’ स्पर्धेत अर्सलान सिद्दीक ऊर्फ अर्सलान ऐश हा लाहोरचा तरुण ‘टेकेन सेव्हन’ जिंकला. व्हिसा आणि विमानांच्या खोळंब्यातून कसाबसा तिथे पोचलेला हा मुलगा कोण, हे जाणकारांनाही नीट ठाऊक नव्हते. जिंकल्यावर त्याने सांगितले की आमच्याकडे असे आणखी बरेच आहेत. लोकांना ती फुशारकी वाटली. कोरियाचा नावाजलेला खेळाडू नी त्याच वर्षी पाकिस्तानात गेला, तिथल्या पोरांशी खेळला आणि एकामागून एक हरला. ऑगस्टमध्ये लास वेगासला अर्सलानने अंतिम सामन्यात याच नीला हरवले. पुढे २०२२ च्या ‘टेकेन वर्ल्ड टूर’ची अंतिम फेरी आतिफ बट्टने जिंकली. तोही पाकिस्तानचाच.

यातली आपल्या विषयाची गोष्ट अशी की अर्सलान आधी ‘किंग ऑफ फायटर्स’चा खेळाडू होता. जगाने दुय्यम मानलेल्या या खेळाच्या आर्केडांतच तिथली एक पिढी तयार झाली. बाहेरच्या स्पर्धांना जाणे परवडत नव्हते, व्हिसा मिळत नव्हता, मग उरला तो मोहल्ल्यातला, फार तर शेजारच्या वस्तीतला प्रतिस्पर्धी. तेच तेच चेहरे रोज समोर आले की जुना डाव चालत नाही, रोज नवा शोधावा लागतो. गामाच्या शहराला हे नवे नाही. आखाड्यातही पैलवान असाच घडतो. पाकिस्तानी खेळाडूचे कौतुक केले की आपल्याकडे भुवया उंचावतात, आणि कौतुक करणाऱ्याचे नाव माझ्यासारखे असेल तर जरा जास्तच. तरी लिहितो, कारण घडले ते असे घडले.

कोणी म्हणेल, आता इंटरनेट आहे, शेजारी कशाला हवा? हिशेब करून पाहा. हे खेळ सेकंदाला साठ चित्रे दाखवतात. एका चित्राला जेमतेम सतरा मिलिसेकंद. मुंबई ते टोकियो अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन निदान ६७ मिलिसेकंद, चार चित्रांएवढा वेळ. हा झाला सरळ रेषेचा हिशेब. खरी तार वळणे घेत जाते. आणि या खेळांत दोन-तीन चित्रांच्या फरकाने ठोसा लागतो किंवा हुकतो. टोनी कॅननने २००६ च्या सुमारास ‘जीजीपीओ’ हे तंत्र काढले. त्यात यंत्र समोरच्याची पुढची हालचाल अंदाजाने दाखवते आणि अंदाज चुकला तर काही चित्रे मागे जाऊन दुरुस्त करते. २०२२ मध्ये आलेल्या ‘किंग ऑफ फायटर्स पंधरा’मध्ये अशीच सोय आहे. जवळच्या शहरांत ती झकास चालते. फार दूरचा गडी मात्र पडद्यावर अचानक इकडून तिकडे उगवतो.

दरम्यान एसएनकेची मालकी सौदी राजपुत्र मोहम्मद बिन सलमान यांच्या मिस्क फाउंडेशनकडे गेली. आज त्यांच्याकडे कंपनीचा बहुतेक सगळा हिस्सा आहे. त्याआधीच, २०१८ मध्ये, चौदाव्या भागात ‘नज्द’ नावाची अबाया घातलेली सौदी योद्धा आली होती. ‘मुस्तफा’वर जीव टाकणाऱ्या आमच्या पिढीला याचा आनंद व्हायला हवा, पण मला तो अर्धाच होतो. मोहल्ल्यातल्या पोरांनी एका पात्राला आपले म्हणणे वेगळे आणि राजघराण्याने अख्खी कंपनी विकत घेणे वेगळे. शिवाय रियाधच्या पैशाने बक्षिसे मोठी होतात, मिरजेत समोर बसणारा माणूस मिळत नाही.

माझी भाची पुण्यात नोकरी करते आणि पंधरावा भाग खेळते. पार्लरच्या दारातून तिला आत जाता आले नसते. आता दार नाही, तर आतली माणसेच नाहीत. ऑनलाइन शोधले की रात्री दहाला एखादा कोरियन सापडतो, तोही दोन डावांनंतर लाइन खराब म्हणून निघून जातो. तिने एक युक्ती काढली. ‘किंग ऑफ फायटर्स कोण खेळतो?’ असे विचारणे बंद केले, कारण उत्तर कायम ‘कोणी नाही’ येई. ती टेकेनवाल्यांच्या रविवारच्या बैठकीत जाऊ लागली. आधी त्यांच्याकडून यथेच्छ मार खाल्ला, मग चहाच्या वेळी स्वतःचा गेम लावला. चाळिशीतला एक जण पडदा पाहून थांबला आणि म्हणाला, “अरे, हे तर सत्त्याण्णववाले!” तो भिवंडीत वाढलेला निघाला. नवी बटणे त्याला जमत नव्हती, पण समोरच्याने उडी मारली की नेमके कधी हाणायचे ते हातात पक्के होते. त्याने दोन मित्र आणले, एकाने धाकट्या भावाला.

सध्या ते पाच जण आहेत. महिन्यातून दोनदा जमतात, नियम जुनाच ठेवला आहे : हरला तो उठला. परवा तिने फोनवर सांगितले की भिवंडीवाल्याने तिला सलग सात डाव बसू दिले नाही. आता ती त्याचे डाव वहीत लिहून काढते आहे.