ऑपरेशनच्या वेळी आईने मुलाजवळ थांबावे का? एका नियमाचा इतिहास

लहान मुलाचे ऑपरेशन ठरले की पालकांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. भूल सोसेल ना? टाके किती पडतील? आणि मग जरा दबक्या आवाजात, आम्हाला त्याच्याजवळ थांबू देतील ना? आज या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी 'हो' असते. पण सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या मोठमोठ्या हॉस्पिटलांत ते 'नाही' असे होते. हा नियम कसा बदलला हे समजून घेतले, तर तुमच्या मुलाला ऑपरेशनच्या वेळी नेमकी कशाची गरज असते हेही कळेल.

मनाई कशासाठी होती?

लंडनचे ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हे मुलांचे हॉस्पिटल १८५२ साली अवघ्या १० खाटांवर सुरू झाले. त्या काळी अँटिबायोटिक्स नव्हती. गोवर किंवा घटसर्प वॉर्डात शिरला तर अनेक मुले दगावत. त्यामुळे बाहेरून येणारा प्रत्येक माणूस म्हणजे संसर्गाचा धोका, असे मानले जाई.

दुसरे कारण वेगळे होते. पहिले दोन-तीन दिवस रडून मूल गप्प होते आणि आई भेटून गेली की पुन्हा रडू लागते, असे सिस्टर रोज पाहत. म्हणजे भेटीमुळेच मूल बिघडते, असा निष्कर्ष निघाला. १९४९ च्या सुमारास लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये पालकांना फक्त रविवारी २ ते ४ या वेळेत भेटता येई. सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये पहिला महिनाभर भेटच नव्हती. संध्याकाळी ७ ते ८ या वेळेत मुले झोपलेली असताना त्यांना नुसते पाहता येई.

काही जणांनी वेगळे करून पाहिले

न्यूकॅसलचे बालरोगतज्ज्ञ जेम्स स्पेन्स १९२० च्या दशकापासूनच आजारी बाळांबरोबर त्यांच्या आयांनाही दाखल करून घेत. न्यूझीलंडमध्ये सेसिली पिकरिल आणि त्यांचे पती हेन्री हे दोघे प्लास्टिक सर्जन दुभंगलेले ओठ आणि टाळू यांची ऑपरेशने करत. १९४० च्या आसपास त्यांच्या बासम हॉस्पिटलमध्ये बाळाची सगळी शुश्रूषा आईच करत असे. त्यांचे कारण साधे होते. एकच परिचारिका दहा बाळांना हाताळते तेव्हा जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात. आई फक्त स्वतःच्या बाळाला हात लावते. ज्या संसर्गाच्या भीतीने आईला बाहेर ठेवले जाई, तोच टाळण्यासाठी त्यांनी तिला आत घेतले.

एक फिल्म आणि तिच्यावरचा राग

खरा बदल मात्र एका फिल्ममुळे झाला. जेम्स रॉबर्टसन हे लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बी यांच्यासोबत काम करणारे समाजकार्यकर्ते. १९५२ साली त्यांनी साध्या कॅमेऱ्याने लॉरा नावाच्या मुलीचे चित्रीकरण केले. वय २ वर्षे ५ महिने, बेंबीच्या हर्नियाचे ऑपरेशन, मुक्काम ८ दिवस. सोयीचे तेवढेच टिपले असा आरोप होऊ नये म्हणून रोज ठरलेल्या वेळी चित्रीकरण केले आणि भिंतीवरचे घड्याळही चित्रात घेतले.

लॉरा फारशी रडत नाही. हुंदका आवरते, पुन्हा पुन्हा आईबद्दल विचारते, आणि हळूहळू कोमेजत जाते. घरी निघताना ती आईचा हात धरायला नकार देते.

रॉबर्टसन यांनी या प्रवासाचे तीन टप्पे सांगितले. आधी मूल आकांत करते, मग निराश होते, आणि शेवटी मनाने आईपासून दूर जाते. वॉर्डात ज्याला 'रुळले' म्हणत, तो बऱ्याचदा दुसरा किंवा तिसरा टप्पा असे.

लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये ही फिल्म दाखवली तेव्हा अनेक डॉक्टर आणि परिचारिका चिडल्या. ही मुलगी नेहमीसारखी नाही, आमची बदनामी चालली आहे, असे आक्षेप आले. बालरोगतज्ज्ञ डर्मॉड मॅकार्थी हेही आधी रागावले होते. पण आपल्या वॉर्डात परतल्यावर त्यांना तेच दिसू लागले. त्यांनी आयांना राहू द्यायला सुरुवात केली. रॉबर्टसन यांची आईसोबत दाखल झालेल्या मुलीवरची १९५८ ची दुसरी फिल्म त्यांच्याच वॉर्डात तयार झाली.

१९५९ मध्ये सर्जन हॅरी प्लॅट यांच्या समितीने सरकारला अहवाल दिला. पालकांना भेटीची मोकळीक असावी, विशेषतः पाच वर्षांखालील मुलांच्या आयांना राहता यावे, मुलाची आधी मानसिक तयारी करावी, अशा त्याच्या शिफारशी होत्या. त्या लगेच अमलात आल्या नाहीत. १९६१ पासून लंडनमधल्या आयांनीच संघटना करून पाठपुरावा केला.

वयाप्रमाणे गरज बदलते

*तान्ही बाळे:* त्यांना वेदना फारशी जाणवत नाही, असा समज १९८० च्या दशकापर्यंत होता. काही नवजात बाळांची ऑपरेशने स्नायू शिथिल करणारे औषध आणि हलकी भूल एवढ्यावरच होत. मूळचे भारतीय डॉक्टर के. जे. एस. आनंद यांनी १९८७ साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरील अभ्यासात दाखवले, की तीव्र वेदनाशामक दिल्यास शरीरावरचा ताण आणि गुंतागुंत दोन्ही कमी होतात. आज वेदनाशमन हा बाळाचाही हक्क आहे. सोबत आईचा स्पर्श हवा.

*सहा महिने ते तीन-चार वर्षे:* सर्वात मोठी भीती आईपासून तुटण्याची. समजावून फारसे कळत नाही, जवळ असणे कळते. ओळखीची गोधडी किंवा खेळणे सोबत न्या.

*तीन ते सहा:* आपण काहीतरी वाईट केले म्हणून ही शिक्षा, असे या वयात वाटू शकते. "मस्ती केलीस तर डॉक्टर सुई टोचतील" ही धमकी तर नकोच.

*शाळकरी मुले:* त्यांना 'कसे' आणि 'का' हवे असते. खरी, सोपी माहिती द्या.

*किशोरवयीन:* लाज, शरीरावरचा व्रण आणि मध्येच जाग येण्याची भीती असते. त्यांच्याशी थेट बोला, आडोसा जपा.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे आई मुलाजवळ असतेच, वेळ पडली तर खाटेशेजारी चटई टाकूनही. पण प्लॅट अहवालातली दुसरी गोष्ट, मुलाची तयारी, आपण विसरतो. "फिरायला जाऊ या" म्हणून मुलाला हॉस्पिटलात आणले जाते, किंवा डोळा लागल्यावर आई-बाबा गुपचूप निघून जातात. शरीराने जवळ असूनही इथे विश्वास तुटतो.

म्हणून ऑपरेशनच्या आधी हे करा. लहान मुलाला एक-दोन दिवस आधी आणि मोठ्याला आठवडाभर आधी खरे सांगा. "दुखणार नाही" असे वचन देऊ नका. "थोडे दुखेल, त्यावर औषध देतील" असे सांगा. बाहेर जाताना सांगून जा आणि सांगितलेल्या वेळी परत या. भूल देताना आणि शुद्धीवर येताना जवळ थांबता येईल का, हे भूलतज्ज्ञांना आधीच विचारा. काही वेळा वैद्यकीय कारणाने नकार मिळेल, पण विचारायला संकोच करू नका. आणि ऑपरेशननंतर मूल अगदी गप्प झाले असेल, तर 'शहाणे आहे' असे न समजता सिस्टरला किंवा डॉक्टरांना जरूर सांगा.