कोल्हापूरचा कॅमेरा आणि म्युनिकचे दुकान

तंत्रज्ञानात कोणते राष्ट्र पुढे, ही चर्चा आज चिप आणि कृत्रिम बुद्धिमत्तेभोवती फिरते. शंभर वर्षांपूर्वी अशीच एक शर्यत चलच्चित्राच्या यंत्रांवरून चालली होती. तिच्यात कोल्हापूरही उतरले होते. ते कुठवर पोहोचले आणि कुठे अडले, हे पाहण्याजोगे आहे.

दादासाहेब फाळके यांनी 1912 साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. चित्रपट आपला, कथा आपली, पण यंत्र इंग्लंडचे. नेमकी हीच गोष्ट कोल्हापूरच्या दोन भावांना खटकली असावी. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे चुलतभाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत, म्हणून त्यांचे आडनाव ‘पेंटर’ झाले. घराण्यात सुतारकाम, कोरीवकाम आणि मूर्तिकाम चालत आलेले. चित्रपट दाखवण्याचा व्यवसाय करता करता त्यांनी स्वतःचा कॅमेरा बनवण्याचे मनावर घेतले. 1916 मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन काम पुढे रेटले आणि 1918 मध्ये चालणारा कॅमेरा उभा केला.

या कामाची अवघड बाजू समजून घेतली पाहिजे. कॅमेऱ्यात फिल्म सलग सरकून चालत नाही. ती क्षणभर पूर्ण थांबते, प्रकाश घेते, झडप मिटते आणि फिल्म बरोबर एका चौकटीएवढी पुढे ओढली जाते. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण 16 वेळा हे घडे. दात्यांत किंचित फरक पडला, तरी पडद्यावर चित्र नाचू लागते. तांत्रिक शाळेचे शिक्षण नसताना हे मोजमाप हातांनी साधले होते. याच कॅमेऱ्याच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ 1920 मध्ये पुण्यात झळकला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले.

याच सुमारास जर्मनीत काय चालले होते? 1917 साली म्युनिकमध्ये आर्नोल्ड आणि रिश्टर या दोन तरुणांनी एका लहानशा दुकानात ‘आरी’ कंपनी सुरू केली. त्यांचे पहिले यंत्र फिल्मच्या प्रती काढण्याचे होते. कॅमेरा आला 1924 मध्ये, म्हणजे कोल्हापूरनंतर सहा वर्षांनी. पण ते तिथे थांबले नाहीत. 1937 मध्ये त्यांनी आरसा बसवलेला कॅमेरा काढला. चित्रीकरण चालू असताना भिंगातून दिसणारे चित्र त्यात प्रत्यक्ष पाहता येई. आज जगभरच्या चित्रीकरणात या कंपनीचे कॅमेरे दिसतात.

मग फरक कशात पडला? हुन्नरात निश्चितच नाही. म्युनिकच्या दुकानामागे एक साखळी होती. कच्ची फिल्म बनवणारी आग्फा देशातच, भिंगांचे कारखाने देशातच. 1917 च्या डिसेंबरात लष्कर आणि मोठ्या बँकांच्या पाठबळाने ‘उफा’ ही बलाढ्य चित्रपटसंस्था उभी राहिली. चित्रपट हे राष्ट्राचे शस्त्र आहे, हे जर्मनीने युद्धात ओळखले होते. कोल्हापूरला छत्रपती शाहू महाराजांसारखा गुणग्राहक राजा लाभला, पण एका संस्थानाच्या आवाक्याला मर्यादा होती आणि देशावर राज्य परक्यांचे होते. कॅमेरा कोल्हापूरचा, पण त्यात घालायची फिल्म बाहेरून यायची. भारत सरकारचा कच्च्या फिल्मचा कारखाना उटीला उभा राहिला तो स्वातंत्र्यानंतर, 1960 च्या दशकात.

दुसरे कारण आपल्या घरचे आहे. बाबूरावांनी कॅमेरा बनवला तो चित्रपट काढण्यासाठी; कॅमेरे बनवून विकण्याचा कारखाना त्यातून निघाला नाही. 1929 मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी बाहेर पडली आणि ‘प्रभात’ जन्मली. पुढे बोलपट आले. दामल्यांनी ध्वनिमुद्रणात असामान्य प्रभुत्व मिळवले, पण ध्वनिमुद्रणाचे यंत्र परदेशीच राहिले. ज्या हातांनी कॅमेरा घडवला, तेच हात आता दुसऱ्याचे यंत्र उत्तम चालवू लागले. माझ्या मते, शर्यतीत आपण मागे पडलो तो क्षण हाच.

कोल्हापूरची यंत्रबुद्धी मात्र आटली नाही. उद्यमनगरात ऑइल इंजिने घडली. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून आज वाहनउद्योगासाठी कास्टिंग बाहेर पडते. ओतकाम आपले असते. आराखडा आणि पेटंट मात्र पुष्कळदा दुसऱ्याचे. पहिले यंत्र जिद्दीवर बनते. दुसरे, दहावे आणि शंभरावे बनण्यासाठी भांडवल, प्रयोगशाळा, कच्चा माल आणि ग्राहक एकाच वेळी लागतात. बाबूरावांच्या कॅमेऱ्याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. पण त्याच्या मागोमाग दुसरा का आला नाही, हा प्रश्नही त्याच अभिमानाने विचारला पाहिजे.