हस्तिदंताचा व्यापार आणि बिनसुळ्याच्या हत्तिणी

आफ्रिकेतल्या सॅव्हाना हत्तींमध्ये नराला जसे सुळे असतात तसेच मादीलाही असतात. आपल्याकडच्या हत्तिणीचे सुळे असून नसल्यासारखेच. आफ्रिकी हत्तिणीचे मात्र चांगले लांबलचक वाढतात. मोझांबिकमधल्या गोरोंगोझा राष्ट्रीय उद्यानात या नियमाला एवढे अपवाद झाले की अपवाद कोणता आणि नियम कोणता, असा प्रश्न पडावा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या हत्तिणींपैकी १८.५ टक्के बिनसुळ्याच्या होत्या. १९७७ ते १९९२ या काळातल्या यादवी युद्धातून वाचलेल्या हत्तिणींमध्ये हेच प्रमाण ५०.९ टक्के भरले. एका पिढीच्या आत एवढा फरक पडला, याचे श्रेय किंवा दोष आपण साहजिकच बंदुकांना देतो. पण बंदूक ही शेवटची कडी होती. तिच्यामागे हजार वर्षांचा एक बाजार होता आणि त्या बाजारात सर्वांत जुने व खात्रीचे गिऱ्हाईक हिंदुस्थान होते. हा इतिहास आजवर जहाजे, मक्ते आणि जकातीच्या अंगाने लिहिला गेला. त्याची दुसरी बाजू हत्तींच्या कळपांत लिहिलेली आहे, आणि ती वाचल्याशिवाय व्यापाराचा हिशेब पुरा होत नाही.

दहाव्या शतकात अल्‌-मसूदी या अरब प्रवाशाने नोंदवून ठेवले आहे की पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा हस्तिदंत ओमानमार्गे हिंदुस्थानात आणि चीनकडे जातो. हत्ती आपल्याकडेही होते, मग आफ्रिकेचा माल कशाला? कारण आफ्रिकेचा दात आकाराने मोठा आणि कोरायला मऊ, शिवाय इथे मादीचा दात मिळतच नसे. गुजरात, काठियावाड, कच्छ आणि राजस्थानात लग्नाच्या वेळी हस्तिदंती चुडा भरण्याची रीत होती. सुळ्याचा मुळाकडचा भाग आतून पोकळ असतो. तो आडवा कापला की कड्यामागून कडे निघते. मनगटात बसेल एवढे कडे निघायला सुळ्याचा घेर मोठा लागतो. लग्नात भरलेला चुडा वैधव्य आले की फोडला जाई. म्हणजे माल पिढ्यान्‌पिढ्या साठून राहण्याची सोय नव्हती. प्रत्येक पिढीला नवा दात हवाच. ही मागणी पुरवणाऱ्या वाटेवर पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ठाणी बसवली. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याच्या अखत्यारीत होता. १६८६ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने दीवच्या वाणी व्यापाऱ्यांच्या मंडळाला दीव-मोझांबिक व्यापाराचा मक्ता दिला. जाताना गुजरातचे कापड, येताना हस्तिदंत, असा हा व्यवहार अठराव्या शतकभर चालला.

या व्यवहारातली तोलाची पद्धत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. मोझांबिकच्या बाजारात सुळ्यांची मोठा, मधला आणि लहान अशी वजनानुसार प्रतवारी होई, आणि वजन जेवढे वरचे तेवढा भावही चढा. दोन लहान सुळ्यांचे वजन एका मोठ्या सुळ्याएवढे भरले तरी त्यांना त्या मोठ्या सुळ्याचा भाव मिळत नसे. आतल्या मुलखात झांबेझीच्या खोऱ्यात दुसरा दंडक होता. हत्ती पडला की जो सुळा जमिनीला टेकलेला असेल तो त्या भूमीच्या राजाचा आणि वरचा शिकाऱ्याचा. हे दोन्ही नियम एकत्र ठेवले की शिकाऱ्याचे गणित समजते. जिवावर उदार होऊन हत्ती मारायचा, त्यातला अर्धा माल राजाला द्यायचा, उरलेला दीडशे-दोनशे कोस वाहून न्यायचा आणि भाव मात्र वजनाच्या प्रतीवर ठरणार. असा माणूस मोठ्या सुळ्याच्या मागे लागणार हे उघड आहे. बिनसुळ्याची हत्तीण समोरून गेली तरी तिच्यावर भाला किंवा दारूगोळा खर्च करण्यात त्याचा फायदा नव्हता. कळपातले कोण मरणार आणि कोण वाचणार याचा निकाल अशा रीतीने किनाऱ्यावरच्या तराजूत लागत होता.

एकोणिसाव्या शतकात व्यापाराचे केंद्र झांझिबारला सरकले, पण हात बरेचसे तेच राहिले. तिथल्या जकातीचा मक्ता दीर्घकाळ कच्छी पेढीकडे होता आणि झांझिबारचा बराच हस्तिदंत मुंबईला उतरून पुढे लंडनला जाई. बांगडीच्या जोडीला आता पियानोच्या पट्ट्या आणि बिलियर्डचे चेंडू आले. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातले एक गाव तर पट्ट्यांच्या कारखान्यांमुळे आयव्हरीटन याच नावाने ओळखले जाऊ लागले. भाल्याच्या जागी रायफल आली. जिथे अजून हत्ती भरपूर होते त्या गोरोंगोझाच्या पट्ट्यात १९२० मध्ये मोझांबिक कंपनीने शिकारीसाठी राखीव जंगल जाहीर केले आणि १९६० मध्ये त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले. १९७२ मध्ये तिथे अडीच हजारांवर हत्ती होते. पुढे यादवी सुरू झाली, उद्यानाचा परिसर रेनामोचे बंडखोर आणि सरकारी फौजा यांच्या ओढाताणीत सापडला आणि हत्ती दुहेरी कामाचा ठरला: मांस सैनिकांच्या पोटात, सुळे शस्त्रांच्या किमतीत. २००० सालच्या मोजणीत अडीचशेही हत्ती उरले नव्हते. शंभरातले नव्वद गेले. प्रश्न उरलेल्या दहांचा आहे.

त्या दहांचे उत्तर २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. शेन कॅम्पबेल-स्टॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी चित्रफीत, छायाचित्रे आणि नंतरच्या नोंदी यांची सांगड घालून दाखवले की युद्धाच्या काळात बिनसुळ्याच्या हत्तिणीची वाचण्याची शक्यता सुळेवालीच्या पाचपट होती. त्याहून मोलाचा निष्कर्ष वारशाविषयी आहे. गोरोंगोझात बिनसुळ्याच्या हत्तिणी आहेत, पण बिनसुळ्याचा नर एकही नाही. बिनसुळ्याच्या मातांची पिल्ले मोजली तर तीनांपैकी दोन माद्या निघतात. याचा सरळ अर्थ असा की सुळे नाहीसे करणारा जनुकीय बदल एक्स गुणसूत्रावर असावा. मादीला दोन एक्स असतात. एकावर बदल असला तरी दुसऱ्याच्या आधारावर ती जगते आणि तिला सुळे मात्र येत नाहीत. नराला एकच एक्स. त्यावर बदल आला तर गर्भ तगत नाही. जनुकसंचाची छाननी केल्यावर संशय दातांच्या घडणीशी संबंधित दोन जनुकांवर स्थिरावला. त्यांतला एक्स गुणसूत्रावरचा ‘एएमईएलएक्स’ हा जनुक बिघडल्यास माणसांतही वरच्या बाजूच्या पटाशीच्या दातांची वाढ खुंटते. हत्तीचा सुळा म्हणजे तोच वरचा पटाशीचा दात, अमाप वाढलेला.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप खरे तर एक लोकप्रिय गैरसमज आहे. शिकाऱ्यांना चुकवण्यासाठी हत्तींनी सुळे सोडून दिले, असे बातम्यांत हौसेने छापले जाते. कोणत्याही हत्तिणीने काहीही सोडलेले नाही. सुळे नसणाऱ्या हत्तिणी युद्धाआधीही होत्या आणि बाजाराने निवडलेले वैविध्य असे आधीपासून हाताशी होते. ते नसते तर निवडण्यासारखे काही उरले नसते आणि कळप सरसकट संपला असता. ज्या कळपांना शिकारीची झळ फारशी लागलेली नाही तिथे बिनसुळ्याच्या हत्तिणी सहसा शंभरात दोन-चार असतात. त्या मानाने गोरोंगोझातले युद्धापूर्वीचे साडेअठरा टक्के हे प्रमाणही जादाच आहे. सोफाळा बंदराच्या पाठीमागचा हा मुलूख शतकानुशतके हस्तिदंत पुरवत होता हे ध्यानात घेतले तर त्या जास्तीच्या टक्क्यांत जुन्या व्यापाराचा वाटा असणार, असे मानायला आधार आहे. युद्धाने नवे काही सुरू केले नाही. मंदगतीने चाललेले काम त्याने पंधरा वर्षांत उरकले.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. कळप अगदी लहान झाला की कोणते गुण टिकतील हे निव्वळ योगायोगावरही ठरते. मग इथे निवडच झाली असे कशावरून? हा आक्षेप हवेतला नाही, त्याला दक्षिण आफ्रिकेतल्या अ‍ॅडोचा दाखला आहे. तिथे १९१९-२० मध्ये मेजर प्रिटोरियस नावाच्या शिकाऱ्याने सरकारी हुकमाने शंभरावर हत्ती मारले. १९३१ मध्ये उद्यान झाले तेव्हा अकरा हत्ती उरले होते, त्यांतल्या माद्यांपैकी निम्म्या बिनसुळ्याच्या होत्या. पुढे शिकार बंद असूनही हे प्रमाण ९८ टक्क्यांवर गेले, आणि ते योगायोगानेच, असे अभ्यासक मानतात. पण योगायोगाला दिशा नसते. तो एका कळपात सुळे घालवील तर दुसऱ्यात वाढवील. झांबियातल्या साउथ लुआंग्वात मात्र बेकायदा शिकारीच्या काळात, १९६९ ते १९८९ या वीस वर्षांत, बिनसुळ्याच्या हत्तिणी १०.५ वरून ३८.२ टक्क्यांवर गेल्या. शिकार तीच, दिशा तीच. शिवाय गोरोंगोझाचा कळप अकरांवर आला नव्हता; दोनशेंच्या वर हत्ती वाचले होते, आणि एवढ्या कळपात एवढी उडी नुसत्या योगायोगाने पडण्याची शक्यता संशोधकांनी गणिताने तपासून नगण्य ठरवली. राहता राहिली एक शंका: वाचलेल्यांतले प्रमाण बदलले म्हणजे वारसा बदलला असे नाही. बरोबर. म्हणूनच युद्धानंतर जन्मलेल्या हत्तिणींचा आकडा निर्णायक आहे. त्यांच्यात ३३ टक्के बिनसुळ्याच्या निघाल्या. ज्यांनी गोळीचा आवाजही ऐकला नाही त्यांच्यापर्यंत निवड पोचली.

तिसरा आक्षेप असा की माणसाने मारले त्याला नैसर्गिक निवड कसे म्हणायचे? शेतकरी कणसांतले भरदार कणीस बियाण्याला ठेवतो आणि बाकीचे बाजारात नेतो. हवा तो गुण पुढच्या पिकात उतरावा म्हणून. हस्तिदंताच्या व्यापाराने नेमके उलटे केले. भरदार ते बाजारात नेले आणि नको असलेले बियाण्याला मागे ठेवले, तेही नकळत. पैदाशीचा हेतूच इथे नव्हता. कोण जगतो आणि कोणाला पिल्ले होतात एवढ्यावरच सगळे ठरले, आणि नैसर्गिक निवडीचा अर्थ याहून वेगळा नाही. हत्तीच्या दृष्टीने दुष्काळ, सिंह आणि शिकारी हे सारखेच परिस्थितीचे भाग. फरक एवढाच की दुष्काळ सुळे पाहून येत नाही.

यावरून कोणी म्हणेल की चला, हत्ती सुरक्षित तरी झाला. तसेही नाही. म्हणीतले हे दाखवायचे दात प्रत्यक्षात कष्टाचे असतात. साली सोलायला, मुळे उकरायला, कोरड्या नदीच्या पात्रात पाण्यासाठी खड्डा करायला सुळे लागतात. झाडे पाडून आणि जमीन उकरून हत्ती जंगलाचे रूप बदलतो. सुळे गेले की त्या कामात खंड पडतो. त्यात बिनसुळ्याच्या मातेचे निम्मे नरगर्भ जगत नाहीत, म्हणजे कळप सावरायच्या वेळीच पिल्ले कमी. शांततेच्या काळात हा गुण विरळ का राहतो याचे हेच कारण. आपल्याकडची गोष्ट याच्याशी ताडून पाहता येते. आशियाई हत्तींतला बिनसुळ्याचा नर, म्हणजे मखना, धडधाकट असतो, माजावर येतो आणि त्याला पिल्लेही होतात. त्यामुळे इथे निवडीची वाट वेगळी निघाली. केरळातल्या पेरियारमध्ये सुळेवाल्या नरांची एवढी शिकार झाली की १९८०च्या दशकात शंभरावर प्रौढ माद्यांमागे एक प्रौढ नर उरला. श्रीलंकेत आज जेमतेम सात टक्के नरांना सुळे आहेत. त्यात शतकानुशतकांच्या धरपकडीचा वाटा किती आणि बेटावरच्या योगायोगाचा किती यावर वाद आहे. मागणी एकच होती, परिणाम निराळे झाले, कारण हाताशी असलेले जनुकीय वैविध्य निराळे होते.

हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ मध्ये बंदीचा निर्णय झाला. भारताने १९८६ मध्ये देशी आणि १९९१ मध्ये आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार बंद केला. हे निर्णय योग्य होते आणि उशिराचे होते. हत्तीण बावीस महिने गाभण असते आणि हत्तींची एक पिढी सुमारे पंचवीस वर्षांची धरतात, तेव्हा बाजाराने पंधरा वर्षांत केलेला बदल उलटायला काही पिढ्या, म्हणजे शंभरेक वर्षे, सहज जातील. म्हणून संरक्षणाचे यश केवळ डोकी मोजून ठरवणे चुकीचे आहे. कळपात कोणते गुण उरले, किती वैविध्य शिल्लक राहिले, हेही मोजले पाहिजे. आणि व्यापाराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आपल्या जमाखर्चात ते नुकसान धरले पाहिजे. कापड देऊन दात घेतला, एवढ्यावर तो व्यवहार मिटलेला नाही.